उजळलेली साडीपिन

मुलीचा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होतो. शिट्टीत तिचं पहिलं वाक्य ऐकू आलं नाही, म्हणून गॅस बंद केला आणि फोन कानाला घट्ट धरला. लग्न ठरलंय हे मला माहीत होतं. आता तारीखही ठरली होती. नाशिकला, तिच्या मामाकडे, घरच्या घरी. एवढं सांगून ती म्हणाली, "बाबा, आईचं सोनं वगैरे मला काही नको. ती काळी साडीपिन तेवढी दे. लग्नात लावायची आहे."

हे सगळं ती इंग्रजीत म्हणाली. दोह्यात वाढलेल्या मुलांचं असंच असतं, मराठी सगळं कळतं आणि उत्तर इंग्रजीत येतं. मी तिचं बोलणं इथे मराठीत लिहितोय, कारण माझ्या मनात ते मराठीतच उतरतं.

तिची आई जाऊन तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. त्या वर्षात मुलीने माझ्याकडे काहीही मागितलं नव्हतं. एकमेकांकडे मागायची आम्हाला सवयच नव्हती. ती हॉलंडला शिकायला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. तेव्हापासून तिचा फोन मी उचलला तर माझं ठरलेलं वाक्य असायचं, "थांब हं, आईला देतो." आता द्यायला आई नव्हती. मग आम्ही हवेबद्दल बोलायचो. तिकडे थंडी किती, इकडे ऊन किती. फोन ठेवताना दोघांनाही सुटल्यासारखं वाटत असणार. मला तर वाटायचंच. म्हणून तिने ती पिन मागितली तेव्हा मला इतका आनंद झाला की कुकर पुन्हा लावायचं राहूनच गेलं.

ती वस्तू मुळात साडीपिन नव्हती. जपानी बायका किमोनोवर कमरेला पट्टा बांधतात, त्याच्यावरून एक दोरी घेतात, त्या दोरीत ओवायचा तो दागिना. करंगळीएवढा लांब, कडा गोलसर, मागच्या बाजूला दोन कड्या. त्या कड्यांमधून माझ्या बायकोने साधी सेफ्टी पिन घातली आणि तो पदराच्या निऱ्यांवर, खांद्याला लावायला सुरुवात केली.

तो तिच्याकडे आला कसा, तेही सांगतो. अल अझीझियातल्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक जपानी जोडपं राहायचं. नवरा माझ्यासारखाच गॅस प्रकल्पावर इंजिनियर, आठवडाभर साइटवर. एकदा त्याच्या बायकोला अचानक दवाखान्यात न्यावं लागलं. मूल राहिलं नाही. नवरा येईपर्यंत, आणि तो परत साइटवर गेल्यावरही, माझी बायको तिच्याजवळ बसून असायची. दोघींमध्ये मोडकं इंग्रजी तेवढंच सामाईक. मऊ भात आणि वरणाचा डबा वर जायचा आणि तो कधी रिकामा खाली यायचा नाही. पुढे त्यांचा प्रकल्प संपला. निघताना त्या बाईने आपल्या आजीचा हा दागिना रेशमी फडक्यात गुंडाळून हिच्या हातात ठेवला. ही नको नको म्हणत राहिली. मग दोघी दारात उभ्या राहून रडल्या. मी आत सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसलो होतो.

दागिना काळा होता. कोळशासारखा नाही, वांग्याच्या सालीवर असते तशी निळी-जांभळी झाक असलेला. त्या काळ्यावर चांदीचा चंद्र होता, अर्धा ढगात गेलेला. खाली लाल तांब्याची लव्हाळी, वाऱ्याने एकीकडे कललेली. आणि चंद्रावरून खाली उतरणारे तीन सोन्याचे पक्षी, नखाएवढे, पण प्रत्येकाच्या पंखावर पिसांच्या रेघा कोरलेल्या.

"बदकं छान आहेत," मी पहिल्यांदा बघून म्हणालो होतो.

"बदकं काय म्हणता, अहो! रानहंस आहेत. त्यांच्याकडे थंडीच्या आधी येतात आणि थंडी संपली की परत जातात. दमले की असे लव्हाळ्यात उतरतात."

"म्हणजे आपल्यासारखेच. जूनमध्ये नाशिक, ऑगस्टमध्ये परत दोहा."

"हो, तेच म्हणते मी. तिघं आपणच. पुढची मी, मधली आपली लेक. आणि मागे मान वळवून रेंगाळलेला आहे ना, ते तुम्ही. फोन आला असेल."

मुलगी तेव्हा शाळेत होती. ती खूप हसली होती, हे मला आठवतं.

जपानमध्ये पूर्वी तलवारींच्या मुठी आणि म्यानं सजवणारे कारागीर होते. तलवार लावून फिरायला बंदी आली, तेव्हा त्यांच्यातले बरेच जण बायकांच्या दागिन्यांकडे आणि छोट्या शोभेच्या वस्तूंकडे वळले. ज्या हातांनी म्यानावर चंद्र बसवले त्याच हातांनी कमरपट्ट्यावर बसवले. हे मला बायकोकडूनच कळलेलं. ती हे सांगायची तेव्हा बहुतेक वेळा कुणी तरी पाहुणे समोर असायचे, त्यामुळे मीही ऐकत असायचो.

इथल्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमात ती पिन सगळ्यांच्या डोळ्यांवर यायची. बाकीच्या जणी सोन्याने मढलेल्या, आणि ही हातमागाच्या साडीवर काळा तुकडा लावून.

"वहिनी, भाऊजी गॅसमध्ये कमावतात आणि तुम्ही लोखंड लावून फिरता?"

"लोखंडच आहे. गंजलं की सांगेन हं तुम्हाला."

ती कुणाला काही समजावत बसायची नाही. हसून पुढे जायची.

आजारपण फार लांबलं नाही. शेवटचा काळ इथल्याच दवाखान्यात गेला, तिथेच ती गेली आणि मी तिला घेऊन नाशिकला गेलो. परत आल्यावर तिचं कपाट मी उघडलं नाही. मुलीचा फोन आला त्याच आठवड्यात पहिल्यांदा उघडलं.

आमच्याकडे लग्न ठरलं की दागिने उजळून घेतात. सोनाराकडे जायचं, मंगळसूत्रापासून पैंजणापर्यंत सगळं उजळून आणायचं. घरातली तांब्या-पितळेची भांडी चिंचेने लखलखीत करायची. नवरीच्या अंगावर मळलेला दागिना घालायचा नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, घरात बघून अंगात मुरलेलं होतं. आणि ती पिन इतकी वर्षं काळी बघत आलो तरी माझ्या डोक्यात एकच होतं, की जुनी वस्तू आहे, आजीच्या काळापासूनचा मळ चढलाय आणि हिला घासायला धीर होत नाही. देव्हाऱ्यातलं ताम्हण महिनाभर घासलं नाही तर काळवंडतंच. एका कडेला थोडं झिजून आतलं तांबूस दिसत होतं. माझी खात्रीच पटली की आत तांबं आहे.

शुक्रवारची सकाळ होती, सुट्टी. रिठे आधीच भिजवून ठेवले होते. बांगड्या, मंगळसूत्र, कानातली निघाली छान. पिनेला काही फरक पडला नाही. मग चिंच कोळली, मीठ घातलं आणि पिन त्यात बुडवून ठेवली. थोड्या वेळाने अंगठ्याने चोळली तर बोट काळं झालं. मला हुरूप आला. डब्यात पांढरी रांगोळी होती, ती ओल्या फडक्यावर घेतली आणि जुन्या टूथब्रशने कोपऱ्याकोपऱ्यात शिरून घासलं. पाणी काळं होत गेलं, मी बदलत गेलो.

शेवटी पिन नळाखाली धरली. चकचकीत तांबूस निघाली होती, नव्या ताम्हणासारखी. चंद्र पांढरा झाला होता. लव्हाळी कुठे गेली ते पटकन दिसेना, हंसही शोधावे लागत होते. सगळंच चमकतंय म्हणून तसं होतंय, असं मला वाटलं आणि ते चांगलंच लक्षण वाटलं. पुसून रेशमी फडक्यावर ठेवली. ओट्यापाशी उभा राहून मी मोठ्याने म्हणालो, "बघ, तुझ्या लेकीसाठी उजळली." घरात कुणी नव्हतं.

मुलीला फोटो पाठवला नाही. तिला समोरच द्यायची होती.

ती लग्नाआधी काही दिवस दोह्याला आली, आईच्या वस्तू बघायला. आली त्या दिवशी दमलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी फडकं तिच्यासमोर ठेवलं. तिने ते हळूच उलगडलं आणि माझ्याकडे बघितलं.

"ही कुठली?"

"कुठली म्हणजे? आईची."

"नाही, बाबा. ती काळी आहे. हंसांची."

"तीच ही. नीट बघ ना, हंस आहेत. मी उजळली, लग्नासाठी."

ती उठून खिडकीशी गेली. पिन उजेडात धरून तिरकी केली, उलटी केली. मागच्या कड्यांच्या आत ब्रश पोहोचला नव्हता, तिथे थोडा काळा रंग शिल्लक होता. तो दिसल्यावर तिला पटलं असावं. पुन्हा सुलटी करून ती बघू लागली. मीही मागून बघत होतो आणि तेव्हा पहिल्यांदा मला दिसलं की ते पक्षी आता कशावरच उडत नव्हते. सोनं तांब्यात मिसळून गेलं होतं. इथल्या भर दुपारी आकाशाकडे बघावं आणि काहीच दिसू नये, तसं.

"काय लावलंस याला?"

"चिंच. मीठ. थोडी रांगोळी."

ती खाली बसली, तिथेच खिडकीखाली, फरशीवर.

"बाबा, तो मळ नव्हता. तो त्याचा रंग होता. मुद्दाम केलेला. शाकुदो म्हणतात त्या धातूला. तांब्यात थोडं सोनं घालतात ते एवढ्यासाठीच, असा काळा रंग चढावा म्हणून. ती रात्र होती."

"मला कुणी सांगितलं नाही."

"आईने सांगितलं होतं. आपल्या दोघांना. अल वक्र्याला चाललो होतो, गाडीत. ती म्हणाली, याला चिंच-लिंबू कधी लावायचं नाही, घासायचं नाही, फक्त वापरायचं. हात लागून लागून तो छान होतो. मी मागे बसले होते. तू चालवत होतास."

"मला नाही आठवत."

"तू कॉलवर होतास."

हे ती रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं सांगितलं.

तेव्हापासून मी तो प्रवास आठवायचा प्रयत्न करतो. अल वक्र्याच्या किनाऱ्यावर आम्ही कितीदा गेलो असू. तिला तिथला वारा आवडायचा. रस्ता डोळ्यांसमोर येतो, पुढची गाडी येते, उजव्या हाताला तिचा पदर येतो, कदाचित ती पिनही. आवाज येत नाही. माझी बायको माझ्या शेजारी बसून एक गोष्ट सांगते आहे आणि मी तिथे नाही. कॉल कुणाचा होता, कशाबद्दल होता, तेही आठवत नाही. ते आठवलं असतं तर निदान म्हणता आलं असतं की काहीतरी महत्त्वाचं होतं.

त्या दिवशी दुपारनंतर मीच म्हणालो, सूक वाकिफच्या जुन्या बाजारात जाऊन बघू, तिथे जुन्या चांदीचं काम करणारे आहेत. ती चप्पल घालून आली. एका दुकानातल्या माणसाने पिन बोटांत फिरवली आणि तोंड भरून हसला. "काला करना है? कोई टेन्शन नहीं, भाईसाब. मेरे पास केमिकल है. ऐसा काला करके दूँगा कि मॅडम पहचान नहीं पाएगी."

"वही तो," मुलगी म्हणाली.

त्याला काही कळलं नाही. मला कळलं. पिन परत घेऊन मी त्याचे आभार मानले आणि आम्ही मसाल्यांच्या गल्लीतून परत निघालो. ती पुढे चालत होती. गर्दीत मला तिचा खांदा दिसत होता, आईसारखाच एका बाजूला किंचित उतरता. मला तिला हाक मारायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्या जपानी बाईंना व्हिडिओ कॉल लावला. नंबर तिच्याकडे होता. आई गेल्याचंही तिनेच त्यांना कळवलं होतं, हे मला तेव्हा समजलं. बाईंचे केस पांढरे झाले होते. मुलीने पिन कॅमेऱ्यासमोर धरली आणि काय झालं ते सांगितलं. "बाबांनी साफ केली," एवढंच म्हणाली. चिंचेचं नाव काढलं नाही.

बाई स्क्रीनच्या जवळ आल्या. मग हळूहळू, शब्द शोधत सांगू लागल्या. पुन्हा काळी करता येते. तांब्याच्या हिरव्या गंजाच्या पाण्यात मंद आचेवर ठेवतात. आधी मुळ्याचा कीस लावतात, म्हणजे रंग डाग न पडता सारखा चढतो. त्यांच्या ओळखीत क्योटोला एक कारागीर आहेत. पाठवलीत तर ते करतील, पण वेळ लागेल. आणि तो काळा रंग सुंदर असेल, पण लहान असेल. त्यांनी 'लहान' असाच शब्द वापरला. आजीच्या हातातून, मग त्यांच्या, मग माझ्या बायकोच्या, तसं त्याला पुन्हा पहिल्यापासून मोठं व्हावं लागेल.

मग त्यांनी विचारलं, "ती लावायची का कधी?"

"नेहमी," मुलगी म्हणाली. "मराठी कार्यक्रमाला, माझ्या शाळेत, सगळीकडे. साडीवर."

बाईंनी तोंडावर हात ठेवला. सावरल्यावर त्या माझ्याकडे वळल्या आणि मान लववून म्हणाल्या, "तुम्ही मुलीच्या लग्नासाठी केलंत." त्यांनी मला दोष दिला असता तर मी उत्तर दिलं असतं. मीही मान लववली, त्यांच्यासारखी नीट जमली नाही.

फोन बंद झाल्यावर मी म्हणालो, "उद्याच पाठवतो. लग्नाला नाही मिळाली तरी नंतर तर होईल. माझ्या ओळखीचा एक जण टोकियोला जातो कामासाठी, त्याच्याकडे..."

"नको, बाबा. खलास. राहू दे आता."

राहिलेले दिवस तिने आईच्या साड्या बघण्यात घालवले. काही निवडल्या, काहींवर नुसता हात फिरवला. मसाल्याचा डबा घेतला, आईची पोळपाट-लाटण्याची जोडी घेतली. माझ्याशी नीटच वागत होती. जेवताना वाढायची, औषध घेतलंस का विचारायची. पाहुण्याशी वागावं इतकं नीट.

विमानतळावर बॅगा देऊन झाल्यावर तिने पर्समधून रेशमी फडकं काढलं आणि माझ्या हातात दिलं. मराठीत म्हणाली, "तुझ्याकडेच राहू दे."

"तशीच लाव ना गं. सोनं तेच आहे, चांदी तीच आहे. हंस तर आहेतच."

"मला आईने लावलेली हवी होती, बाबा. नवी नको होती."

तिने हे कठोरपणे म्हटलं नाही. माझ्या शर्टाची कॉलर नीट केली आणि आत गेली. मी काचेच्या बाहेर उभा राहिलो. ती वळणावर दिसेनाशी झाली तरी तिथेच होतो. मग कुणीतरी मागून ट्रॉली आणली आणि मला बाजूला व्हावं लागलं.

लग्नाला मी नाशिकला गेलो. पिन बरोबर नेली. का नेली हे मला प्रामाणिकपणे सांगायला हवं. मला वाटत होतं की ऐन वेळी, साडी नेसताना, खांद्यावर लावायला काहीतरी लागेल आणि ती मागेल. मागितली तर हाताशी असावी म्हणून मी ती शर्टाच्या खिशात ठेवली, फडक्यासकट.

मुलीने आईची एक हिरवी साडी नेसायचं ठरवलं होतं. आतल्या खोलीत बायकांची गडबड चालली होती. मी दाराबाहेर खुर्चीवर बसलो होतो. आतून मामीचा आवाज आला, "अगं, निऱ्यांना लावायला काय आणलंयस? ब्रोच वगैरे आहे का तुझ्या आईचा?"

मी खुर्चीवरून उठलो.

"साधी पिन द्या, मामी," मुलगी म्हणाली. "आतून लावा. दिसली नाही तर बरं."

मी परत बसलो. थोड्या वेळाने ती बाहेर आली. तिच्या आईसारखी दिसत होती, हे मी लिहिणार नव्हतो, पण दिसत होती. खांद्यावर फक्त साडी होती, निऱ्या नीट बसवलेल्या.

सह्या झाल्या, हार झाले. ती दोघं नमस्काराला आली. वाकून उठल्यावर तिने मला मिठी मारली. खूप वर्षांनी मारली असेल, चांगली घट्ट. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यात ती जरा मागे सरकली आणि माझ्या छातीवर हात ठेवून म्हणाली, "बाबा, खिशात काय आहे? टोचलं."

"काही नाही," मी म्हणालो, "पेन आहे."